काका, तुमच्या त्या कागदाबद्दल

आदरणीय काका,
सा. न.

परवा फोनवर नुसतं 'थँक्यू' म्हणून ठेवला, ते मनाला लागून राहिलंय. म्हणून आज सगळ्यांसमोर लिहिते.

मेमरी शून्य करणारा असेंब्लीचा, म्हणजे प्रोसेसरला थेट सूचना देणाऱ्या भाषेतला, इवलासा तुकडा. एकही बाइट न बदलता तो प्रोसेसरच्या रिअल (१६-बिट), प्रोटेक्टेड (३२-बिट) आणि लाँग (६४-बिट) अशा तिन्ही मोडमध्ये चालावा, एवढंच मला हवं होतं. ३२-बिटला छान चालायचा. ६४-बिटला गेलं की पहिला बाइट शून्य, पुढचा कचरा जसाच्या तसा. एम्युलेटर, म्हणजे मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम, मेमरी आधीच शून्य करून देतो, त्यामुळे तिथे काही दिसायचंच नाही. तीन आठवडे गेले. ज्यांना विचारलं त्यांनी 'मॅन्युअल वाच', 'सी भाषा वापर की' म्हणून वाटेला लावलं. एकाने तर कोड न उघडताच 'ही तुझी लाइन नाही' म्हणून टाकलं. ते अजून सलतं.

तुम्ही म्हणालात, "६४-बिटमधलं मला नाही गं कळत. पण बाइट्स पाठव, बघतो."

सकाळी फोटो आला. आखीव कागद, पेन्सिलने पाडलेले तीन रकाने: १६, ३२, ६४. ८०८५ या जुन्या प्रोसेसरच्या किटवर हेक्स की दाबून प्रोग्रॅम भरायचात, त्याच सवयीने एका ओळीत एक बाइट. ४९ या बाइटसमोर पहिल्या दोन रकान्यांत 'मोजणी एकने कमी'. तिसऱ्यात चौकट रिकामी, आणि खाली बारीक अक्षरात: "इथे ही सूचनाच नाही. दोनदा तपासलं."

खरंच नव्हती. २००३ मध्ये एएमडीने ६४-बिट प्रोसेसर आणले, तेव्हा ४० ते ४एफ हे सोळा बाइट नव्या प्रीफिक्सला, म्हणजे पुढच्या सूचनेला जोडून येणाऱ्या बाइटला, दिले गेले. मोजणी होतच नव्हती. आधीच्या 'झॉर' या सूचनेने लावलेला झीरो फ्लॅग ('उत्तर शून्य आलं' ही खूण) तसाच राहायचा आणि लूप पहिल्याच फेरीत सुटायचा. लूप काढून 'रेप स्टॉसबी' ही मोजणी स्वतःच करणारी सूचना घातली. एफ३, एए. तिन्ही मोडमध्ये तेच दोन बाइट.

पण मला रडू आलं ते 'दोनदा तपासलं' वाचून. जाणकार खूप भेटले, काका. आपल्याला येत नाही हे सरळ सांगून दुसऱ्याच्या अडचणीसाठी रात्री दिवा लावून बसणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं.

काल खऱ्या मशीनवर मेमरीचं अख्खं पान तपासलं. ४०९६ बाइट, सगळे शून्य. दिवाळीत नाशिकला येतेय, मशीन सोबत आणते. तो कागद मात्र मला द्या.

तुमची,
वरच्या मजल्यावरची