सभासदाचा फॉर्म भर, मुक्ता

सांगली

चि. मुक्ता हिस आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू घाईत होतीस आणि मागे टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, म्हणून बोलणं अर्धवट राहिलं. तू विचारलंस ते दोन वाक्यांत उरकण्यासारखं नाही. पुण्यातल्या लग्न-समारंभांच्या आयोजकांची संघटना तुला सभासद व्हायला सांगते आहे. तुझं म्हणणं, वर्षाची वर्गणी भरायची, महिन्यातली एक संध्याकाळ घालवायची, आणि शेजारी बसणार कोण, तर आपलेच स्पर्धक, आपले डेकोरेटर आणि लाइटवाले पळवायला टपलेले. माझं उत्तर सरळ आहे. फॉर्म भर, आणि या महिन्यातच भर.

आपल्या धंद्यात तारीख पुढे ढकलता येत नाही. शिंपी परवाचा वायदा करू शकतो, आपण नाही. अक्षता पडायच्या वेळेला मंडप उभा पाहिजे, जेवणाची पंगत तयार पाहिजे, माइक चालू पाहिजे. त्यात सगळ्यांचे मुहूर्त एकाच वेळी. तुळशीचं लग्न लागलं की एकदम झुंबड, मग पौषात शांतता, पुन्हा वैशाखात दम काढायला फुरसत नाही. अधिक मास आला, गुरू-शुक्राचा अस्त आला, की उरलेल्या तारखांवर दुप्पट गर्दी. अशा दिवशी तुला शंभर खुर्च्या कमी पडल्या किंवा जनरेटर बसला, तर बाजारात जाऊन ते आणता येत नाही. ती वस्तू गावात एकाच ठिकाणी असते, तुझ्या स्पर्धकाच्या गोडाऊनमध्ये. त्याचं गोडाऊन रात्री दोन वाजता तुझ्यासाठी उघडेल की नाही, हे त्या रात्री ठरत नसतं, आधीच ठरलेलं असतं.

तू तेव्हा शाळेत होतीस, तुला आठवत नसेल. विश्रामबागच्या मैदानावर मोठं लग्न होतं, वैशाखातलं. संध्याकाळी सगळं सजून तयार. रात्री वळीव आला. आधी धुळीचा लोट, मग वारा, मग गारा. तासाभरात कनाती फाटल्या, छताच्या कापडात पाणी साचून ते पोटासारखं खाली आलं, एका बाजूचे वासे मोडले, गालिचे चिखलात. मुहूर्त सकाळचा. आपल्याकडचं सगळं कोरडं कापड दुसऱ्या दोन कामांवर गेलेलं होतं. तुझ्या बाबांनी ज्यांना फोन केला, ते आणि बाबा एका मोठ्या कामाच्या बोलीवरून एकमेकांशी बोलत नव्हते. इथल्या आपल्या संघटनेच्या बैठकीत समोरासमोर बसायचे, तेवढाच संबंध. ते स्वतः टेम्पोत बसून आले. कोरडं कापड, गालिचे, सुतळीची बंडलं आणि झोपेतून उठवलेली त्यांची पोरं. पहाटेपर्यंत दोघांची माणसं एकाच शिडीवर चढून बांधत होती. बाबांनी भाड्याचं विचारलं तर म्हणाले, "आधी बोहलं उभं करा, भाडं पुढच्या वळवाला बघू." सकाळी वऱ्हाड आलं तेव्हा कोणाला काही कळलंसुद्धा नाही.

त्या दोघांची धंद्यातली चढाओढ नंतरही संपली नाही, संपू नयेच. पण बैठकीला दर महिन्याला शेजारी बसलेला माणूस असा तोडून टाकता येत नाही. वर्गणीच्या पावतीत हे लिहिलेलं नसतं, पण वर्गणी खरी याचसाठी भरायची असते.

ऑगस्ट २०१९ चा महापूर तर तू डोळ्यांनी पाहिलास. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. गावभागातली गोडाऊन पाण्याखाली. मंडपाचं कापड एकदा गाळात भिजलं की त्याला जो वास लागतो तो धुऊन जात नाही, आणि ते वाळवायला मैदान लागतं, घराची गच्ची पुरत नाही. मिरजेच्या सभासदांनी आपापल्या जागा दिल्या. ज्यांच्या कढया, पातेली आणि भट्ट्या वर राहिल्या होत्या, त्यांनी त्या पूरग्रस्तांच्या छावण्यांवर पोचवल्या. ज्यांचं सगळं गेलं त्यांना तुळशीच्या लग्नापर्यंत उसनं साहित्य मिळालं, म्हणून त्यांचा हंगाम बुडाला नाही. हे कुठल्याही सरकारी यादीत आलं नाही, पण मी वह्या लिहीत होते, मला माहीत आहे.

आणि पुढच्याच वर्षी टाळेबंदी. २५ मार्च २०२०, नेमका गुढीपाडवा. हंगामाच्या तोंडावर सगळं बंद. एप्रिल २०२१ मध्ये तर महाराष्ट्रात नियम निघाला की लग्न एकाच हॉलमध्ये, दोन तासांत, २५ माणसांत, नाहीतर ५० हजार रुपये दंड. पंचवीस माणसांना मंडप कशाला लागतो? बंगालहून आणि बिहारहून आलेली आपली कापडाची आणि फुलांची पोरं गोडाऊनमध्ये अडकली होती. एकट्या मालकाने जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन काय सांगायचं? साउंडवाले, लाइटवाले, आचारी, फुलवाले, कार्यालयवाले एकत्र गेले तेव्हा निदान निवेदन घेतलं गेलं. देशपातळीवर मोठ्या इव्हेंट कंपन्यांची इमा ही संघटना २००८ पासून आहे, अमेरिकेत तर १९८७ पासून अशा आयोजकांची संघटना आहे आणि तिच्या शहराशहरांत शाखा आहेत. पण तुझ्या वॉर्डातला फायर ऑफिसर आणि तुझ्या ठाण्याचा इन्स्पेक्टर यांच्याशी बोलायला शहरातलीच संघटना लागते.

आता तुझी तक्रार, की ही मंडळी फक्त पुरस्कार-सोहळे करतात. करत असतील. म्हणूनच तुझ्यासारखी मुलगी आत पाहिजे. मी असते तर तिथे कशासाठी भांडले असते, ते सांगते.

सगळ्यात आधी आग. २३ डिसेंबर १९९५ ला हरियाणात डबवालीला शाळेचा बक्षीस समारंभ होता. सिंथेटिक कापडाचा मंडप पेटला आणि चारशेहून जास्त माणसं गेली, त्यांत बहुतेक लहान मुलं आणि त्यांच्या आया. मी ती बातमी वाचली तेव्हा तू माझ्या मांडीवर होतीस, आणि दुसऱ्या दिवशी गोडाऊनमधल्या कापडाकडे मी वेगळ्या नजरेने पाहिलं. मंडपाच्या आगीबद्दल भारतीय मानक आहे, आयएस ८७५८. सिंथेटिक कापड आणि दोर नकोत, विजेच्या तारांखाली मंडप नको, भटारखाना वेगळा, बाहेर पडायच्या वाटा मोकळ्या. किती आयोजकांनी ते उघडून पाहिलं असेल? आज तर थर्माकोल, प्लॅस्टिकची फुलं, फोम, वर हजारो वॅटचे दिवे आणि शेजारी कोल्ड पायरो, म्हणजे ती ठिणग्यांची कारंजी. ग्राहक म्हणतो, त्या दुसऱ्याने तर केलं असतं. एकटीने नाही म्हटलंस तर काम जातं. चाळीस जणांनी एकाच वेळी नाही म्हटलं तर ग्राहक ऐकतो. कोणत्या कापडाला नाही म्हणायचं, दोन वाटांमध्ये किती अंतर ठेवायचं, वायरमनने लोड मोजून सही केल्याशिवाय मेन चालू करायचा नाही, हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं.

दुसरं पैशाचं. एका मोठ्या संस्थेने वार्षिक समारंभ करून घेतला आणि बिलासाठी तुझ्या बाबांना वर्षभर फिरवलं. नाव लिहीत नाही, तुला माहीत आहे. तुझं उद्यम नोंदणीचं काम झालंय ना? २००६ च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, उशीर झाला तर चक्रवाढ व्याज. आता आयकरातही तसं झालंय, वेळेत पैसे दिले नाहीत तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. कायदा आहे, पण नवीन आयोजक मोठ्या कंपनीला नोटीस पाठवायला घाबरतो, पुढचं काम जाईल म्हणून. पत्र संघटनेच्या लेटरहेडवर गेलं की वैयक्तिक वैर राहत नाही. इसार किती, कार्यक्रम रद्द झाला तर काय परत मिळेल, पाऊस आला तर जबाबदारी कोणाची, याचा एकच मराठी करारनामा वकिलाकडून करून घ्या. लोक सही करण्याआधी वाचतील तरी.

एका गोष्टीपासून मात्र लांब राहा. बैठकीत कोणी म्हणालं, "आपण सगळ्यांनी एवढ्याच्या खाली रेट द्यायचा नाही," तर हात वर करू नकोस, आणि तुझा विरोध इतिवृत्तात लिहून घे. २००२ च्या स्पर्धा कायद्यात संघटनेने भाव बांधणं बसत नाही, दंड होतो. आणि कायदा बाजूला ठेवला तरी ते बरोबर नाही. मुलीच्या लग्नासाठी पै-पै जमवणाऱ्या घराला आपण सगळ्यांनी मिळून कोंडीत धरायचं का?

गाण्यांच्या परवान्याचा घोळ तुला गेल्या हंगामात झालाच होता. कॉपीराइट कायद्यात लग्नातल्या आणि लग्नाशी संबंधित सोहळ्यांतल्या गाण्यांना सूट आहे, २०२३ मध्ये केंद्राने तसं स्पष्टही केलं. तरी हॉटेल आधी परवाना मागतं. गोव्यात हीच सूट सांगणारं सरकारने काढलेलं परिपत्रक ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द केलं, म्हणजे प्रश्न तसाच लोंबकळत राहिला. प्रत्येकीने आपापल्या वकिलाला फी देण्यापेक्षा संघटनेने एकदा नीट सल्ला घ्यावा आणि सगळ्यांना द्यावा. वर्गणी याच्यासाठी वापरली तर मला एक पैसाही जास्त वाटणार नाही.

आणि मजूर. हे मी शेवटी लिहिते आहे, पण माझ्या मनात ते पहिलं आहे. दिवे टांगायच्या लोखंडी सांगाड्यावर, ट्रसवर चढणारा, रात्रभर बांधून पहाटे सोडणारा, ज्याला दोन्हीकडचं जेवण थंड मिळतं तो पोरगा. तुमच्या पुरस्कारांच्या फोटोत तो नसतो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे, अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात. बँकेत खातं पाहिजे, एवढीच अडचण. संघटनेने हंगामापूर्वी एक दिवस बँकेच्या माणसाला बोलावून सगळ्या पोरांची खाती आणि विमा करून घेतला पाहिजे. उंचीवर चढणाऱ्याला पट्टा आणि हेल्मेट, सलग दोन रात्री कोणाला जागवायचं नाही, जेवण पाहुण्यांच्या आधी. हे एकटी करशील तर तुझा खर्च वाढेल आणि तू मागे पडशील. सगळ्यांनी केलं तर तो धंद्याचा खर्च होईल.

फॉर्म भरण्याआधी मात्र बघून घे. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का, दरवर्षी ऑडिट होतं का, नवी कार्यकारिणी निवडली की चेंज रिपोर्ट दाखल होतो का, की तेच तीन जण आलटून पालटून अध्यक्ष होतात. विचारायला लाजू नकोस. ज्यांचा हिशेब स्वच्छ असतो ते लगेच दाखवतात.

आत गेल्यावर कार्यकारिणीत पद मागू नकोस. विम्याचं काम माग. ते कोणालाच नको असतं, त्यामुळे तुला मिळेल, आणि त्यातून शहरातला प्रत्येक कंत्राटदार आणि त्याची पोरं तुला नावाने ओळखतील. सूचक म्हणून कोणाची सही लागत असेल तर बाबांचे जुने मित्र स्वारगेटजवळ राहतात, त्यांना मी फोन करून ठेवते. त्यांच्याकडे जाशील तेव्हा रिकाम्या हाताने जाऊ नकोस. इथून हळद आणि बेदाणे पाठवते आहे, त्यातले त्यांना दे.

बैठक कधी आहे ते कळव.

तुझी,
आई