क्ष-किरण कृष्णविवरातून येत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत क्वेसारांवर, म्हणजे दूरच्या दीर्घिकांच्या केंद्रातील महाकाय कृष्णविवरांभोवतीच्या अतिशय तेजस्वी गाभ्यांवर, आलेला लेख आवडीने वाचला. भाषा सोपी होती, विषयही नेहमीच्या ग्रहणे-उल्कांपेक्षा वेगळा. मात्र ‘कृष्णविवर क्ष-किरण ओकते’ हे त्यातील वाक्य चुकीचे आहे आणि क्वेसारांतून निघणाऱ्या झोतांमधील क्ष-किरणांचे कोडे सुटल्याचा दावा घाईचा आहे. माझ्या दोन जुन्या विद्यार्थ्यांनी लेखाचे कात्रण पाठवून विचारणा केली, म्हणून हे पत्र.

कृष्णविवराच्या सीमेआतून प्रकाश बाहेर येत नाही. दिसते ते सगळे सीमेबाहेर घडते. विवराकडे ओढला जाणारा वायू सरळ आत पडत नाही, तर भोवती फिरत त्याची तबकडी बनते आणि तापून ती मुख्यतः दृश्य व अतिनील प्रकाश देते. इतक्या मोठ्या विवरांभोवतीची तबकडी क्ष-किरण देण्याएवढी तापत नाही. ते काम विवराजवळ, तबकडीलगत असलेला विरळ वायू करतो. त्याचे तापमान शंभर कोटी अंशांच्या आसपास असते आणि त्याला करोना म्हणतात (नाव सूर्याच्या प्रभामंडलावरून आले आहे, साथीशी त्याचा संबंध नाही). तबकडीतून निघालेले अतिनील फोटॉन (प्रकाशाचे कण) तेथील वेगवान इलेक्ट्रॉनांवर आदळतात, दर धडकेत थोडी ऊर्जा उचलतात आणि शेवटी क्ष-किरण होऊन बाहेर पडतात.

एवढे बहुतेक सर्व क्वेसारांत घडते. त्यांपैकी साधारण दहा टक्के क्वेसार रेडिओ लहरींतही प्रखर असतात, कारण त्यांच्या केंद्रातून जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने प्लाझ्माचे (विद्युतभारित वायूचे) झोत निघतात. १९७८ साली अवकाशात सोडलेल्या आइन्स्टाइन या क्ष-किरण दुर्बिणीच्या निरीक्षणांतून दिसले, की असे क्वेसार तेवढ्याच तेजाच्या रेडिओ-मंद क्वेसारांपेक्षा क्ष-किरणांत सरासरी तिप्पट उजळ असतात. ही जास्तीची भर झोताच्या मुळाशी पडते, असे त्यानंतर बराच काळ मानले गेले. २०२० मध्ये सातशेहून अधिक रेडिओ-प्रखर क्वेसारांच्या अभ्यासाने या समजुतीला धक्का दिला: झोत थेट आपल्याकडे रोखलेला नसेल, तर त्यांचे क्ष-किरणही बहुतांशी करोनातूनच येतात, फक्त झोत असलेल्या क्वेसारांचा करोना अधिक जोमदार असतो, असा त्याचा निष्कर्ष होता. लेखात याचा उल्लेखच नाही.

आता केंद्रापासून लाखो प्रकाशवर्षे दूर पसरलेल्या झोतांविषयी. १९९९च्या ऑगस्टमध्ये चंद्रा या अवकाशातील क्ष-किरण दुर्बिणीचा फोकस जुळवण्यासाठी पीकेएस ०६३७-७५२ हा क्वेसार निवडला गेला, तो ठिपक्यासारखा दिसेल या भरवशावर. (तो इतका दक्षिणेला आहे, की महाराष्ट्रातून कधी उगवतच नाही.) प्रतिमेत ठिपक्याशेजारी क्ष-किरणांचा लांब झोत उमटला आणि पंचाईत झाली. झोतातील रेडिओ लहरी चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या, म्हणजे सिंक्रोट्रॉन प्रक्रियेच्या असतात. पण त्यांच्या तीव्रतेचा आलेख क्ष-किरणांपर्यंत पुढे ओढला तर क्ष-किरण भलतेच जास्त भरत होते. तेव्हा असे उत्तर मांडले गेले, की महास्फोटानंतर उरलेल्या आणि विश्वभर पसरलेल्या पार्श्वभूमी प्रारणाचे थंड फोटॉन झोतातील इलेक्ट्रॉनांवर आपटून क्ष-किरण बनतात. आपल्या लेखात हेच अंतिम सत्य म्हणून आले आहे.

या उत्तराला एक कसोटी होती. ते खरे असेल, तर झोतातून ठराविक तीव्रतेचे गॅमा किरणही आलेच पाहिजेत. २००८ मध्ये सोडलेल्या फर्मी या गॅमा किरण दुर्बिणीला क्वेसारचा गाभा आणि झोत वेगवेगळे दिसत नाहीत. म्हणून संशोधकांनी गाभा शांत असतानाचा काळ तेवढा निवडला आणि उरलेल्या गॅमा किरणांची मर्यादा काढली. प्रथम ३सी २७३ हा क्वेसार आणि पाठोपाठ वरचा पीकेएस ०६३७-७५२, दोन्ही ठिकाणी अपेक्षित गॅमा किरण सापडले नाहीत. निदान या दोन क्वेसारांपुरते ते उत्तर बाद झाले. अतिदूरच्या क्वेसारांत पार्श्वभूमी प्रारण कितीतरी दाट होते, त्यामुळे तेथे ते अजून लागू पडू शकते.

मग पर्याय राहतो तो दुसऱ्या, फार जास्त ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांच्या सिंक्रोट्रॉन किरणांचा. पण असे इलेक्ट्रॉन काही वर्षांत किंवा दशकांत ऊर्जा गमावून बसतात, आणि झोतातील एकेक गाठ (उजळ भाग) मात्र हजारो प्रकाशवर्षे रुंद असते. म्हणजे त्यांना वाटेत जागोजागी पुन्हा वेग मिळत असला पाहिजे. तो नेमका कसा मिळतो, हेच सध्याचे खरे कोडे आहे. ३सी २७३च्या झोतात क्ष-किरण आतल्या टोकाकडे सर्वांत उजळ आणि बाहेर जाताना मंद होतात. रेडिओ लहरी नेमक्या उलट वागतात. एकाच प्रकारच्या इलेक्ट्रॉनांवर दोन्हींचा भार टाकता येत नाही, हे हा एक नकाशा पाहूनही पटते.

३सी २७३ हा क्वेसार कन्या राशीत आहे आणि आठ इंची दुर्बिणीतून दिसतो. एप्रिलच्या एका रात्री मी तो पाहिला आहे: नकाशा जवळ नसता तर ताराच समजलो असतो, इतका साधा ठिपका. त्याचा प्रकाश सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वीचा आहे. १९६२ साली आपला चंद्र त्याच्या आड आला, तेव्हा ऑस्ट्रेलियातील पार्क्स रेडिओ दुर्बिणीतून त्याची अचूक जागा मिळाली. हीच पद्धत वापरण्यासाठी रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी उटीची रेडिओ दुर्बीण उभारली, आणि त्याच परंपरेतून पुढे आमच्या तालुक्यातील खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस अँटेना आल्या.

पुढील रविवारी दुरुस्ती छापावी, ही विनंती. लेखासोबतचे चित्रही बदलावे: त्यात झोत काळ्या गोळ्याच्या पोटातून निघताना दाखवला आहे. झोताला ऊर्जा विवराच्या फिरण्यातून मिळत असेल, हे शक्य आहे. पण ती चुंबकीय क्षेत्रामार्फत मिळते आणि झोत सुरू होतो तो सीमेच्या बाहेर.

आपला,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक,
नारायणगाव, ता. जुन्नर