वहीचा चार्ज

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

माझी प्रतिनियुक्ती रद्द झाल्याचा आदेश निघाला आहे. या महिनाअखेर गटसाधन केंद्रातून कार्यमुक्त होऊन मूळ शाळेवर हजर व्हायचे आहे, आणि त्याचे मला मुळीच वाईट वाटलेले नाही. चार्जची यादी करून झाली. लॅपटॉप, प्रिंटर, खुर्च्या, इन्व्हर्टर, आणि आपल्या भांडणातला तो प्रोजेक्टरसुद्धा (त्याच्यावर पुढे येतो) डेडस्टॉक रजिस्टरशी ताडून पाहिला. एकाच वस्तूची नोंद कोणत्याही रजिस्टरला नाही, ती म्हणजे तालुक्यातल्या शाळांचे पासवर्ड लिहिलेली तुझी निळ्या पुठ्ठ्याची वही. तिच्यासाठीच हे पत्र. इतके दिवस लिहिले नाही याबद्दल तू मला काय म्हणशील ते मला पाठ आहे, तेव्हा ते म्हणून झाले असे समज आणि पुढे वाच. प्रकृती ठीक. साखर थोडी वाढली आहे, गोळी चालू आहे.

गेल्या आठवड्यात मुख्याध्यापकांचे एक दिवसाचे प्रशिक्षण होते. विषय यू-डायस प्लस, म्हणजे शाळांच्या माहितीचे केंद्र सरकारचे पोर्टल, आणि अपार आयडी, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक. सभागृह तुला माहीत आहे. पडद्यावर ऊन येते, पंखा लावला की आवाज ऐकू येत नाही आणि बंद केला की माणसे ऐकत नाहीत. मी विद्यार्थ्याची नोंद उघडून दाखवत होतो. कॅप्चा तीनदा चुकला, मग पान फिरत राहिले. तेवढ्यात खालच्या वाडीचे गुरुजी उठले. हे त्यांचे शेवटचे वर्ष आहे, पुढच्या उन्हाळ्यात अठ्ठावन्न पूर्ण होतात. अत्यंत नम्रपणे ते म्हणाले, "सर, तुम्ही सांगता ते सगळे योग्यच आहे. पण आमच्या शाळेचा पासवर्ड तुमच्याच वहीत आहे, तेव्हा आमचे तुम्हीच भरा. मी तोवर पोरांचे पाढे घेतो." सभागृह हसले, मीही हसलो. एवढ्यावर थांबले असते तर मी तुला लिहिले नसते. पण 'पवित्र' या शिक्षक भरतीच्या पोर्टलमधून नुकताच लागलेला एक शिक्षणसेवक मागच्या बाकावरून उठला आणि म्हणाला, "सर, तुम्ही आता चाललाच आहात, तर त्या वहीची एक शीट करून ग्रुपवर टाकली तर सगळ्यांचीच सोय होईल." आणि सुहास, निम्म्या सभागृहाने माना डोलावल्या. मुलगा गुणी आहे, त्याच्या मनात काही वाकडे नाही. त्याला खरेच ती सोय वाटली.

दीडशे माणसांच्या ग्रुपवर तालुक्यातल्या सगळ्या शाळांच्या किल्ल्या! त्या रात्री मी वही पहिल्यापासून वाचली. तुझे अक्षर सुरुवातीच्या पानांवर आहे. 2015 साली सरल हे विद्यार्थ्यांच्या माहितीचे राज्याचे पोर्टल आले, सगळा तालुका एकाच सायबर कॅफेत रांगेला लागला आणि रात्री एक नंतर सर्व्हर मोकळा असतो असा शोध लागला, तेव्हाचे ते अक्षर. पहिल्या पानावर तू लिहिले आहेस, 'तात्पुरते. सरल स्थिरावले की फाडणे.' सरल स्थिरावेपर्यंत यू-डायसचे यू-डायस प्लस झाले, 2022-23 पासून शाळेच्या एकगठ्ठा आकड्यांऐवजी एकेका मुलाची नोंद भरणे आले, पोषण आहाराची रोजची नोंद आली, ऑनलाइन शिक्षणाचे दीक्षा आले, पगाराचे शालार्थ तर होतेच, आणि आता अपार. वहीला मध्ये मी दोनदा पाने जोडली. तू 2018 मध्ये आंतरजिल्हा बदलीने गेलास, तेव्हा एस. टी. स्टँडवर ती माझ्या हातात दिलीस आणि "हिची झेरॉक्स काढू नकोस" एवढेच म्हणालास. ते मी पाळले आहे.

पण तिच्यात नुसते पासवर्ड नाहीत, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटणार नाही. कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडच्या त्या दोन शिक्षकांच्या शाळेच्या पानावर तू लिहिले आहेस, 'रेंज फक्त मागच्या आंब्याखाली, सकाळी. लाँच सुटण्याआधी फोन करणे.' दुसऱ्या एका पानावर, 'ओटीपी गुरुजींच्या मुलीच्या फोनवर. मुलगी हडपसरला, कामावर असते, साडेपाचनंतर.' एका बाईंच्या नावापुढे, 'रागावल्या तरी काम करतात, ऐकून घेणे.' मी त्यात भर घातली आहे. कोणत्या शाळेचे बिल थकून वीज तुटली आहे, कोणाच्या फोनची जागा फोटोंनी भरल्यामुळे अ‍ॅप बसत नाही, कोणाला 'लॉगआउट' हा शब्द ऐकताच नोकरी जाईल असे वाटते. तंत्रज्ञान साहाय्य असे ज्याला शासकीय पत्रात म्हणतात ते आपल्या तालुक्यात हे असे आहे. त्यातला एक भाग कोणालाही देऊ नये असा आहे आणि दुसरा भाग प्रत्येकाला द्यावा असा आहे. अडचण इतकीच की दोन्ही एकाच पानावर, एकाच ओळीत लिहिलेले आहेत.

तू म्हणशील, मग प्रशिक्षण कशासाठी घेतोस? तुला ठाऊक आहे ते कसे होते. राज्यावर एक दिवस, जिल्ह्यावर अर्धा दिवस, तालुक्यावर येईपर्यंत चहा आणि पीपीटी. ज्या पानाचे चित्र पीपीटीत असते ते पान पोर्टलवर तोवर बदललेले असते. बटण कुठे आहे हे सांगणारे प्रशिक्षण बटण हलले की संपते. 2020 मध्ये निष्ठा या शिक्षक प्रशिक्षणाचे अठरा कोर्स दीक्षावर ऑनलाइन आले होते, तेव्हाची गंमत तुला सांगायची राहिली. आपल्या एका केंद्रात नवरा-बायको दोघे शिक्षक. बाईंनी स्वतःचे अठरा केले आणि मग यजमानांचेही अठरा केले, प्रमाणपत्रे दोघांना मिळाली. पुढच्या प्रशिक्षणाला सुलभक म्हणून नाव आले ते यजमानांचे. नव्या शैक्षणिक धोरणाने शिक्षकाला वर्षाला 50 तास प्रशिक्षण सांगितले आहे. बाईंच्या हिशेबाने त्यांचे 100 भरतील.

आणि बटणाच्या पलीकडेच तर खरा घोळ असतो. अपारचेच बघ. बारा आकडी क्रमांक तयार होण्यासाठी मुलाचे नाव, जन्मतारीख आणि लिंग यू-डायसवर आणि आधारवर तंतोतंत जुळावे लागते आणि पालकाचे संमतिपत्र लागते. आपल्या पोरींची नावे आधारवर इंग्रजीत कोणी टाकली, देव जाणे. कुठे एक 'ए' जास्त, कुठे वडिलांचे नाव गाळलेले, कुठे आडनावाच्या जागी वाडीचे नाव. पालक म्हणतात शाळेत बदला. जनरल रजिस्टरमधली नोंद मुख्याध्यापकाला मनाने बदलता येत नाही, त्याला मंजुरीचा प्रस्ताव लागतो. आधार बदलायचे तर तालुक्याला खेप, मजुरीचा दिवस बुडवून, आणि जन्माचा दाखला हवा. मग गुरुजी मला विचारतात, "सर, कुठले बटण दाबू?" याला बटण नाही. कोणता कागद खरा धरायचा, कोणता दुरुस्त करायचा आणि त्यासाठी कोणाच्या दारात जायचे, हे ठरवावे लागते. ते मी फोनवर तासभर बोलून ठरवतो. त्या तासाची नोंद कुठेच होत नाही. वर कळवायचा असतो तो फक्त टक्का, आणि संध्याकाळी ग्रुपवर प्रलंबित शाळांची यादी लाल रंगात येते.

इथे तुझे जुने वाक्य मला आठवते आणि अजूनही राग येतो. 2020 च्या डिसेंबरात परितेवाडीच्या डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झाले, त्या रात्री तू फोनवर म्हणालास, "त्या माणसाने पुस्तकात क्यूआर कोड घातला तो वर्गातल्या पोरांसाठी. तू संगणक उघडतोस तो वरच्या ऑफिससाठी. तू मास्तर होतास, कारकून झालास." मी फोन ठेवला होता. आज तुला शांतपणे सांगतो की मला ते अजून मान्य नाही. पोषण आहाराची नोंद त्या दिवशी गेली नाही की पाचवीपर्यंतच्या प्रत्येक पोरामागचे 100 ग्रॅम आणि वरच्या वर्गाचे 150 ग्रॅम यांचा साठा पोर्टलवर आणि कोठीत वेगवेगळा दिसू लागतो, आणि त्याचा खुलासा विचारतात तो त्या एकट्या बाईला, जी सकाळपासून दोन वर्ग सांभाळून तांदूळ मोजत असते. शिक्षकांची पदे ठरवणाऱ्या संचमान्यतेला आधार जुळलेली पोरेच धरतात. पोर वर्गात बसलेले असते, पण संगणकाला दिसत नाही, आणि पट कमी पडला म्हणून शिक्षकाचे पद जाते. असे पद वाचवणे ही कारकुनी असेल तर असो. प्रोजेक्टरचेही तेच. तू म्हणालास लोकवर्गणीतून आधी वीजबिल भरा, मी म्हणालो बिल दरमहा येणार आहे, वर्गणी एकदाच मिळते. तो प्रोजेक्टर अजून चालतो हे लक्षात घे. (दिवा एकदा बदलला. वीज मात्र नव्हती, हे मी तुझ्या समाधानासाठी लिहितो.)

पण एका बाबतीत तुझे वाक्य टोचते. खालच्या वाडीच्या गुरुजींच्या नावाने मी नोंद भरतो, खाली सही त्यांची असते. उद्या आकडा चुकला तर वसुली त्यांच्या निवृत्तिवेतनातून होईल, माझ्या पगारातून नव्हे. त्यांनी माझ्यावर विश्वास टाकला म्हणून तो बरोबर ठरत नाही. 2023 मध्ये वैयक्तिक माहितीचा कायदा संसदेने केला, त्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. आपण मात्र त्या मुलांच्या नोंदी उघडणारा शब्द निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत ठेवतो, आणि बहुतेक शाळांचा तो शब्द म्हणजे शाळेचे नाव आणि पुढे एक-दोन-तीन. नवा मुलगा शीट करा म्हणतो तेव्हा तो फार वेगळे काही सुचवत नाही. आपली गुप्तता फक्त कागदावर आहे म्हणून चालून गेली.

मग काय करावे? वही फाडावी असे पहिल्या दिवशी वाटले. पण फाडली की अंतिम दिनांकाच्या रात्री आंब्याखालच्या शाळेचे काय? माझ्या जागी येणाऱ्याला द्यावी म्हटले, तर जागी कोण येणार याचा आदेशच नाही, आणि आला तर तो कंत्राटी असेल, वर्षभरात दुसरीकडे जाईल. आता मनात आहे ते असे. पुढच्या केंद्राच्या शिक्षण परिषदांमध्ये पीपीटी न लावता एकेका मुख्याध्यापकाशेजारी बसायचे. फोन त्यांचा, बोट त्यांचे. पासवर्ड त्यांनीच बदलायचा, मी खिडकीबाहेर बघायचे. नोंदणीचा मोबाइल मुलीचा, पुतण्याचा किंवा बदलून गेलेल्या शिक्षकाचा असेल तिथे त्यांचा स्वतःचा करून घ्यायचा. शेजारच्या दोन शाळांची जोडी लावून द्यायची, म्हणजे अडले तर आधी एकमेकांना फोन. आणि वहीतली तुझी-माझी ती दुसरी माहिती, रेंज कुठे, कोणाला कधी फोन करावा, कोणता कागद कोणाकडून आणावा, ती स्वच्छ उतरवून त्या नव्या मुलाच्या हाती द्यायची. तो रोज लाँचने जातो, त्याला तिची किंमत कळेल. शीटही त्यालाच करू दे, पण या माहितीची.

गुरुजींचे मात्र मला ठरवता येत नाही. त्यांची बोटे काचेवर थरथरतात. वर्गात त्यांच्यासारखा दुसरीचा हातचा शिकवणारा तालुक्यात नाही, हे तूही मान्य करशील. राहिलेल्या महिन्यांसाठी त्यांना पासवर्ड बदलायला बसवणे म्हणजे नियमाच्या नावाखाली छळ आहे असे एक मन म्हणते. दुसरे म्हणते की त्यांना सोडले तर उद्या प्रत्येकाला काही तरी थरथरते आहे. तू माझ्या जागी असतास तर काय केले असतेस? आणि कृपा करून "मास्तर हो" एवढेच उत्तर पाठवू नकोस. मी शाळेवर परत चाललोच आहे, चौथीचा वर्ग मिळणार आहे.

तुझ्याबद्दल विचारायचे राहूनच जाईल म्हणून घाईने: वहिनींचा गुडघा कसा आहे, थोरलीचे बारावीचे काय ठरले, घराची पायरी झाली का? केंद्रप्रमुखाची परीक्षा दिलीस असे कानावर आले, दिली असल्यास मला न सांगितल्याचे भांडण वेगळे करू. आईंना नमस्कार.

उतरवून काढताना तुझी तीन-चार पाने लागत नाहीत. धरणाच्या भिंतीकडच्या शाळेपुढे तू 'द. नि. प., पण गु. नाही' असे लिहिले आहेस. मी त्यावर बराच वेळ घालवला. 'दर महिन्याला निरंक पाठवतात, पण गुन्हा नाही' असा अर्थ मी लावला आहे आणि तसाच नव्या मुलाला देणार आहे. चुकीचा असेल तर शिक्षण परिषदेच्या आत कळव. ग्रुपवर नको, पत्राने किंवा फोनने.

तुझा,
दिनकर