आयवालिकच्या तेझेंना, अलिबागहून

ती. तेझे यांस,
सा. न. वि. वि.

तुमची नात हे पत्र फोनमध्ये घालून तुम्हाला तुर्कीत ऐकवेल. 'पाय मुरगळला' याचं त्याच फोनने काय करून ठेवलं होतं, आठवतंय ना? तेव्हा जेवढं समजेल तेवढं घ्या, बाकीच्याला हसा.

गेल्या जूनमध्ये तुर्कस्तानात, आयवालिकला, तुमच्या गल्लीतल्या दगडी फरसबंदीवर मी सपशेल आपटले. लॉजवाल्याने खोली वाढवून द्यायला आधीच नाही म्हटलं होतं. तुम्ही काही विचारत बसला नाहीत. उंबऱ्यावर बसवलंत, ऑलिव्हचं तेल कोमट करून आणलंत आणि घोटा चोळायला घेतलात. आमच्याकडे हे काम खोबरेल तेल करतं. अंगठा मात्र माझ्या मावशीसारखाच, दुखतं नेमका तिथेच रुतणारा. 'तेझे' म्हणजे आईची बहीण, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

मग चार दिवस तुमच्या दारात खुर्ची टाकून मी गाव पाहिलं. घरांच्या मागून डोकावणारं विटांचं धुराडं तेलाच्या जुन्या कारखान्याचं, असं तुम्ही सांगितलंत. ऑक्टोबरपासून फळं उतरवायला सगळं गाव कसं झाडांखाली असतं, तेही. तेलापासून साबण होतो म्हणताना तुम्ही 'साबुन' म्हणालात आणि मी फोन बाजूला ठेवला. मग हवा, दुकान, बाजार, सैतान. आपली सारख्या शब्दांची यादी जेवणापर्यंत चालली. जेवायला 'समुद्री चवळी' होती, लसूण-लिंबू-तेल घातलेली. चवळीशी तिचा काही संबंध नाही. ती आमच्या खाडीकाठच्या मोरसाच्या भाजीची बहीण.

पण मनात राहिलं आहे ते तुमच्या दारावरचं कोरीव 1894. ते घर बांधलं ग्रीकांनी. 1922 पर्यंत हे गाव त्यांचंच होतं. तुर्कांशी झालेल्या युद्धात ग्रीस हरल्यावर ते गेले. पुढे जानेवारी 1923 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला करार झाला आणि दोन्ही देशांनी माणसांची अदलाबदल केली. निकष एकच, धर्म. भाषा कुणी विचारली नाही. तुमचे वडील सहा वर्षांचे असताना ग्रीसच्या क्रीट बेटावरून बोटीने आले, मुसलमान म्हणून, आणि घरात बोलायचे ग्रीक! घराबाहेर ती भाषा काढायची नाही, अशी त्यांना आईची ताकीद होती. त्या वडिलांनी दारावरच्या आकड्याला छिन्नी लावू दिली नाही. "ज्याने कोरलं त्याचंही घर गेलं," एवढंच म्हणायचे ना? घड्याळाची मशीद पूर्वी चर्च होती, हे प्रवासी पुस्तकात वाचलं होतं. ते वाचून मला काही झालं नव्हतं.

शेवटच्या दिवशी नातीने गाडीतून जुंदा बेटावर नेलं. 1873 चं ताक्सियार्हिस चर्च आता संग्रहालय आहे; फार नेटकं ठेवलंय. बेटाचं सरकारी नाव अलीबे, आणि मी अलिबागची. 'अलिबागहून आलायस का' हा मुंबईकरांचा टोमणा तिला समजावताना माझी पुरती दमछाक झाली. मग 'सैतानाचं मेज' म्हणतात त्या टेकडीवरून सूर्यास्त. खाली पसरलेली बेटं, पलीकडे ग्रीसचं लेस्बोस. पण गर्दी अशी, की मला तुमचं दारच बरं वाटलं.

चार रात्रींचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. उलट बॅगेत साबणाच्या सहा वड्या कोंबल्यात. पाचवी परवा संपली.

नातीच्या पत्त्यावर आमसुलं पाठवली आहेत. काळी आणि चिकट दिसली तरी खराब नाहीत, टाकू नका. पाण्यात भिजवायची, जिरं-गूळ घालायचा. बाकी कृती रविवारी व्हिडिओवर सांगते. नातीला म्हणावं, फोन जरा तुमच्या तोंडासमोर धर, मागच्या वेळी तासभर मला छतच दिसत होतं.

तुमची,
घोटा आता बरा असलेली अलिबागकर