आवाज गेला नाही, पत्ता चुकलाय

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

कॉम्प्युटरचा आवाज का येत नाही यावर काल फोनवर पाऊण तास गेला आणि शेवटी तिघंही चिडलो, म्हणून लिहूनच पाठवते. आई, तू मोठ्याने वाच, बाबांनी माऊस धरायचा. "मला ठाऊक आहे ते" सुरू झालं की पुन्हा पहिल्यापासून वाच.

आधी एक, त्या दुकानदाराच्या नादाने मदरबोर्ड बदलू नका. "लिनक्सवर आवाज येतच नसतो" म्हणे! गेल्या महिन्यापर्यंत आई याच मशीनवर रोज अभंग ऐकत होती की. विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, नवं विंडोज आपल्या जुन्या मशीनला चालेना, म्हणून मी त्यावर मिंट बसवून दिलं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारं एक लिनक्स. बिचाऱ्याचा यात काही दोष नाही.

बदललाय तो मॉनिटर. जुन्याच्या व्हीजीए वायरमधून नुसतं चित्र जायचं. नव्याची एचडीएमआय वायर चित्र आणि आवाज दोन्ही नेते. कॉम्प्युटरने आवाजही तिकडेच धाडला, आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत. बाबा, चादरींचा गठ्ठा बांधून निघाला आणि टेम्पोवाल्याने तो नव्या पेठेत भलत्याच बंद दुकानापुढे उतरवला, असं समजा. माल चांगला आहे.

खाली उजव्या कोपऱ्यात घड्याळाजवळ स्पीकरचं चित्र आहे. त्यावर माऊसचं उजवं बटण दाबा, साउंड सेटिंग्ज उघडा, आउटपुट बघा. एचडीएमआय लिहिलेलं सोडून दुसरं निवडा, लाइन आउट किंवा हेडफोन्स असं काहीतरी असेल. मग टेस्ट साउंड. यादीत फक्त डमी आउटपुट दिसलं तर मात्र काही करू नका, मला फोन करा. त्याचा अर्थ कॉम्प्युटरला साउंड कार्डच दिसत नाहीये.

तरी शांतता? स्पीकरची पिन मागच्या हिरव्या भोकात हवी. गुलाबी माइकचं असतं. आणि रात्री आई झोपल्यावर बाबा पुढे हेडफोन लावतात ना, तो काढा. तो लावलेला असला की मागचे स्पीकर आपोआप गप्प होतात.

एवढ्यानेही नाही झालं तर टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, उघडा आणि टाइप करा: ए, एल, एस, ए, एम, आय, एक्स, ई, आर. सगळी लहान अक्षरं, मध्ये जागा नाही. एंटर. उभे खांब दिसतील. नुसता एकच खांब दिसला तर एफ-सहा दाबून साउंड कार्ड निवडा. मास्टर नावाच्या खांबाखाली दोन एम दिसले तर ते मुकं आहे. बाणाने तिथे जा, एम दाबा, तिथे दोन शून्यं येतील. वरचा बाण दाबून खांब चढवा. एस्केपने बाहेर.

बाबा, तीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढलेल्या तुमच्या कानांना आवाज नेहमी कमीच वाटणार. म्हणून आला की नाही हे आईने सांगायचं. आणि एकदम शंभरावर नेऊ नका, शेजारच्या काकू परवाच माझ्याकडे कुरकुरल्या.

गड्ड्याच्या जत्रेला येतेय, दोन दिवस जास्तीची रजा काढून. शेंगा चटणी जरा तिखटच करून ठेव.

तुमची,
धाकटी