नाल्याकाठच्या घरांबद्दल, आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

काल रात्री दादाचा फोन आला होता. माझा पेपरातला फोटो कुणीतरी तुमच्या मोबाइलवर पाठवला आणि तेव्हापासून बाबांचं जेवणात लक्ष नाही, असं तो म्हणाला. फोनवर मला हे नीट सांगता येत नाही. मी बोलायला लागले की बाबा गप्प होतात आणि आई, तू विषय चिनूच्या परीक्षेवर नेतेस. म्हणून लिहायला बसले. सावकाश वाचा, दोघांनी मिळून वाचा.

आधी काळजीचं तेवढं सांगते. माझ्यावर कसलीही केस नाही. फोटो आहे त्या दिवशी आम्ही मोर्चाने निवेदन द्यायला गेलो होतो. त्यासाठी आधीच अर्ज दिला होता, त्याची पोच माझ्या फायलीत आहे. ऑफिसात रजा टाकूनच गेले होते. संतोषला सगळं माहीत आहे. सासूबाईंनी तर त्या दिवशी वस्तीतल्या बायकांसाठी धपाटे करून दिले होते. घरात कुणाचा विरोध नाही. आता फक्त तुमची भीती गेली पाहिजे.

इथे सोलापुरात आपल्या मागच्या गल्लीतून खाली उतरलं की नाल्याकाठची वस्ती लागते, ती तुम्हाला ठाऊक आहेच. आई, तू ज्यांच्याबरोबर रोज कारखान्यात विड्या द्यायला जायचीस त्या लक्ष्मीअक्का अजून तिथेच राहतात. आता डोळ्यांना कमी दिसतं त्यांना, पण हात अजून चालतात. त्यांच्या दोन्ही सुना विड्या वळतात. उन्हाळ्याआधी त्या सगळ्या घरांवर नोटिसा लागल्या. नाला रुंद करायचा आहे, घरं काढून घ्या, एवढंच त्यात होतं. पुढे कुठे जायचं याबद्दल एक ओळसुद्धा नव्हती. अक्कांची धाकटी सून नोटीस घेऊन माझ्याकडे आली, कारण मी कागद वाचू शकते आणि मी तुझी मुलगी आहे. माझी सुरुवात एवढ्यावरच झाली. कुणी मला ओढलेलं नाही.

बाबा, तुम्ही म्हणाल, नाल्यात घरं बांधली तर कधीतरी काढावी लागणारच. पहिल्यांदा मीही मनात तेच म्हणाले. नाला मोकळा व्हायलाच हवा, हे मला आजही पटतं. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला महापूर आला होता, तुम्ही टीव्हीवर पाहिलंत. आपल्या जिल्ह्यात पाऊस पडत नाही म्हणून आपण लहानपणापासून रडतो, आणि आता पडतो तेव्हा असा एकदम कोसळतो. असा पाऊस शहरावर झाला की नाल्याचं पाणी या घरांत शिरतं. पहिलं नुकसान तिथल्या माणसांचंच होतं. कारखान्यातून आणलेली पानं भिजतात, तंबाखू वाया जाते, आणि तेवढ्या मालाच्या विड्या भरून दिल्या नाहीत तर पैसे कापले जातात. नाला तुंबावा असं या बायकांना कशाला वाटेल?

पण नाला तुंबतो कशाने, हे कुणी विचारलं नाही. मी आणि वस्तीतली दोन कॉलेजची मुलं नाल्याच्या कडेकडेने वर चालत गेलो. वस्तीपाशी पात्र अरुंद आहे, खरं आहे. पण तिथून वर गेलं की पात्र जवळजवळ दिसतच नाही. मुरमाचा भराव टाकून प्लॉट पाडलेत, त्यांच्या कडेला दगडी कंपाउंड आहे, आणि सगळा ओढा एका सिमेंटच्या पाइपात कोंबलाय. तिथे नोटीस नाही. वरून येणारं पाणी त्या पाइपात मावत नाही, फुगतं आणि खालच्या पत्र्याच्या घरांत येतं. मध्येच रंगाचं पाणी सोडलेलं असतं, कधी लाल, कधी निळं, आणि त्याच्या वासाने तिथे उभं राहवत नाही. नाल्याचा गळा कुणी आवळला आणि शिक्षा कुणाला होतेय, हे डोळ्यांनी पाहिल्यावर मला घरी येऊन स्वस्थ बसता येईना.

पर्यावरण म्हणजे झाडं लावणं, असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटतं, आपल्या गावात पर्यावरणाचा प्रश्न आणि राहत्या घराचा प्रश्न एकाच जागेवर उभे आहेत. घाण पाणी जिथे साचतं तिथेच गरिबाला जागा मिळते, कारण बाकीची जागा त्याला परवडत नाही. एप्रिल-मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो तेव्हा त्या पत्र्याखाली बसून बघा. आई, तुला सांगायला नको, तू तसंच दिवस काढलेस. पंखा लावला तर तंबाखू उडते, पान वाळतं, म्हणून बायका पंखा बंद ठेवून, मांडीवर सूप घेऊन बसतात. हजार विड्या होईपर्यंत उठायचं नाही. शेजारी पाळण्यात बाळ, तेही तीच हवा घेतं. तुझा तो दुपारचा खोकला मला आठवतो. तो तंबाखूचा आहे की धुळीचा, असं आपण घरात बोलायचो. आता वस्तीत घराघरांत तोच खोकला ऐकला की दोन्ही कारणं खरी वाटतात.

कायद्याचं थोडं सांगते, कारण बाबांना तेच ऐकायचं असेल. १९८५ साली सुप्रीम कोर्टाने मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या खटल्यात, ओल्गा टेलिस यांच्या नावाने तो ओळखला जातो, असं म्हटलं की जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क येतो. त्याच निकालात फुटपाथवर कायमचं राहण्याचा हक्क मात्र मान्य झाला नाही. १३ नोव्हेंबर २०२४ ला बुलडोझरने घरं पाडण्याच्या प्रकरणात त्याच कोर्टाने सांगितलं की पाडण्याआधी किमान पंधरा दिवसांची नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी द्या. वस्तीतल्या मुलांनी तो निकाल मोबाइलवर वाचून आनंदाने उड्या मारल्या होत्या. मलाच त्यांना सांगावं लागलं की रस्ता, फुटपाथ, रेल्वेलगतची जागा, नदी किंवा पाणवठा यांवरच्या बांधकामांना ते संरक्षण लागू नाही. म्हणजे आपल्या लोकांच्या दाराशी येऊन ते थांबतं. फार वाईट वाटलं त्या संध्याकाळी.

आमचा खरा आधार आहे तो राज्याचा १९७१ चा झोपडपट्टी कायदा. १ जानेवारी २००० च्या आधीपासून जो झोपडीत राहतो आणि ते सिद्ध करू शकतो, त्याला पुनर्वसनाशिवाय सहजासहजी हलवता येत नाही. २०११ पर्यंतच्या लोकांसाठी पैसे भरून घर मिळण्याची तरतूद पुढे झाली. पण हे सगळं सिद्ध करायचं कागदांनी. मतदार यादीतलं नाव, जुनं रेशनकार्ड, लाइट बिल. आणि पुराच्या पाण्यात सगळ्यात आधी भिजतात ते कागदच. कितीजणींनी लगदा झालेली रेशनकार्डं माझ्यासमोर ठेवली. मग मला तुझी पत्र्याची ट्रंक आठवली, आई. विडी कामगाराचं ओळखपत्र आणि प्रॉव्हिडंट फंडाच्या चिठ्ठ्या तू प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवायचीस. मी बायकांना विचारलं, तुमचं कारखान्याचं कार्ड आहे का? फंडाचा नंबर आहे का? बऱ्याचजणींकडे निघालं. काहींवर पत्ताही आहे, जुन्या तारखेसकट. आता आम्ही घरोघरी बसून एकेकीची फाइल करतोय. मोर्चा एक दिवसाचा होता, हे काम रोजचं आहे. ऑफिस सुटलं की तासभर, आणि रविवारी जरा जास्त.

माहितीच्या अधिकारात अर्जही केलाय, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून. नाल्याची मूळ रुंदी किती, वरच्या भरावाला कुणी परवानगी दिली, रुंदीकरणाचा आराखडा कुठे आहे, असे साधे प्रश्न विचारलेत. तीस दिवसांत उत्तर यायला हवं होतं. आलं नाही, म्हणून अपील केलं. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, तिथेही अर्ज दिलाय. हे सगळं हळू चालतं. पण पावसाळ्याआधी काही हाताशी यायला हवं, त्याची घाई आहे.

आता बाबा, तुमच्या मनातलं. गिरणी बंद पडली तेव्हा तुम्ही किती वर्षं गेटसभा केल्यात, देणी मिळतील म्हणून वाट पाहिलीत, आणि हाती काय आलं ते आम्ही घरात पाहिलंय. "भांडून कुणाचं भलं झालं," हे तुम्ही त्यानंतर म्हणायला लागलात. तुमचं दुःख मी नाकारत नाही. पण याच गावात दुसरंही घडलंय. अक्कलकोट रस्त्यावर कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, विडी वळणाऱ्या बायकांची दहा हजार घरं, २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते दिली गेली. त्याच कुंभारीत मग रे नगर, तीस हजार घरांचं, आणि त्यातली पहिली पंधरा हजार जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान मोदींनी दिली. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणारे, बांधकामावरचे लोक. या घरांसाठी लढणाऱ्या आडम मास्तरांचा झेंडा तुमच्या झेंड्याहून वेगळा, ते सोडून द्या. दोन वेगळ्या पक्षांचे पंतप्रधान त्यासाठी सोलापुरात आले, ते या बायका वर्षानुवर्षं मागत राहिल्या म्हणून. विडी वळणाऱ्या बाईच्या नावाचं पक्कं घर होऊ शकतं, हे मी स्वप्न म्हणून बोलत नाही, ते आपल्या वेशीबाहेर उभं आहे.

तरी कुंभारी हे प्रत्येकाचं उत्तर नाही, असं मला वाटतं. अक्कांच्या मोठ्या सुनेने ते स्पष्ट सांगितलं: "घर लांब मिळालं तर मी विड्या कुठं देऊ, पोरीला शाळेत कुठनं पाठवू?" रिक्षाला रोजचे पैसे गेले तर मजुरीत उरणार काय. म्हणून आमची मागणी अशी आहे: नाला मोकळा करा, पण वरपासून खालपर्यंत सारखाच. आधी भराव काढा, रंगाचं पाणी बंद करा. ज्यांची घरं खरोखर पात्रात आहेत त्यांना आधी जवळपास घर द्या, मग हलवा. याच क्रमाने. हा क्रम उलटा झाला तर आम्ही पुन्हा रस्त्यावर बसू, आणि तेव्हाही मी तुम्हाला आधी सांगूनच जाईन.

हे फक्त आपल्या गल्लीचंही नाही. तुम्ही दोघं संध्याकाळी चिंचवडला मोरया गोसावींच्या मंदिरामागे पवनेच्या घाटावर बसता. ती पवना मुळेला मिळते, मुळा मुठेला, मुळा-मुठा भीमेला, आणि भीमा उजनीत येते. तिथून शंभरेक किलोमीटरच्या पाइपने ते पाणी सोलापुरात येतं. दादाच्या सोसायटीचं सांडपाणी शुद्ध न होता नदीत गेलं तर ते आमच्या नळाला येणाऱ्या पाण्याच्या वाटेवरच पडतं. दादाला म्हणावं, सोसायटीच्या बैठकीत एवढं विचार की आपलं सांडपाणी प्रक्रिया केंद्र रोज चालू असतं का. तेवढं केलं तरी माझ्या कामाला हातभार लागेल.

तुमच्याकडूनही मला दोन गोष्टी हव्या आहेत, आणि त्या दुसऱ्या कुणाकडून मिळणार नाहीत.

बाबा, भूमी अभिलेख कार्यालयातून जुन्या नकाशाची नक्कल काढलीय. त्याची झेरॉक्स या पत्रासोबत आहे. तुम्ही लहानपणी या ओढ्यात पोहायचात, असं आजी सांगायची. ओढा तेव्हा कुठून वळायचा, बाभळीचं बन कुठे होतं, पावसाळ्यात पाणी कुठपर्यंत चढायचं, ते लाल पेनाने नकाशावर दाखवा आणि खाली दोन ओळी लिहून सही करा. म्हाताऱ्या माणसांच्या अशा आठवणी आम्ही गोळा करतोय. नकाशावरची रेघ आणि माणसाची साक्ष जुळली तर तक्रारीला वजन येतं. तुमचं नाव त्यात नको असेल तर तसं लिहा, मी बाहेर देणार नाही.

आई, तू लक्ष्मीअक्कांना फोन कर. त्या फाइलीवर अंगठा द्यायला घाबरतात. अंगठा दिला की घर जातं, असं त्यांच्या मनात बसलंय, आणि त्यामागे त्यांचे जुने अनुभव आहेत. मला तुझ्यासारखं तेलुगू येत नाही. मी समजावते तेव्हा त्या मान डोलावतात आणि कागद परत माझ्याकडे सरकवतात. तुझं ऐकतील. तू सांग की कागद वाचून दाखवल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही, आणि वाचणारी मी आहे.

शेंगांची चटणी आणि कडक भाकरीचा डबा शनिवारी शेजारच्या काकांबरोबर पाठवतेय, ते रविवारी तिकडून निघतील. बाबांच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्या असतील, दादाला आठवण कर. नकाशा काकांच्याच हाती परत द्या, अपिलाची सुनावणी पुढच्या आठवड्यात आहे.

तुमची,
मनू