लाखो ‘हल्ल्यां’चा आकडा काय सांगतो?

‘संकेतस्थळावर दिवसभरात लाखो सायबर हल्ले’ ही आपल्या अंकातील बातमी वाचली. त्यातील आकड्याला माझा आक्षेप आहे. महापे येथील एका डेटा सेंटरमध्ये सर्व्हरच्या नोंदी तपासणे हे माझे रोजचे काम. नवा सर्व्हर इंटरनेटला जोडला, की थोड्याच वेळात २२ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे दुरून लॉगिन करण्याच्या दारावर, ‘रूट’, ‘अ‍ॅडमिन’ अशा नावांनी लॉगिनचे प्रयत्न सुरू होतात. बहुतेक वेळा कोणी आपल्यावर डोळा ठेवलेला नसतो. स्वयंचलित प्रोग्राम इंटरनेटला जोडलेल्या यंत्रांचे सगळेच पत्ते सरसकट चाचपत असतात. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘झेडमॅप’ या प्रोग्रामने इंटरनेटवरील सगळे सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ते (असे यंत्रांचे क्रमांक) एकाच संगणकावरून पाऊण तासात तपासून दाखवले होते! फायरवॉलने, म्हणजे नको असलेल्या जोडण्या रोखणाऱ्या यंत्रणेने, अडवलेली अशी प्रत्येक विनंती ‘हल्ला’ म्हणून मोजली, तर लाखांचा आकडा कोणालाही गाठता येईल.

खरी चिंता वेगळ्याच नोंदींची असते. शेकडो फसलेल्या प्रयत्नांनंतर एखादे लॉगिन यशस्वी होते, किंवा मध्यरात्री आपल्याच सर्व्हरवरून अनोळखी पत्त्याकडे भरमसाट डेटा जाऊ लागतो. नोंदींमधली ती ओळ या गलक्यात हरवेल, याचीच मला धास्ती वाटते. ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. त्यामुळे बातमीदारांनी संबंधित अधिकाऱ्यांना आत शिरकाव झाला का आणि तो वेळेत कळवला का, हे आधी विचारावे.

— एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई